गाडीचे वय आणि गाडीचा दम

मुंबईच्या रस्त्यांवरून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी 'प्रीमियर पद्मिनी' टॅक्सी निवृत्त झाली. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली होती आणि टॅक्सीसाठी ठरवून दिलेली वीस वर्षांची मुदत त्या दिवशी पुरी झाली. त्या निमित्ताने महानगरात पुष्कळ हळवे लिहिले-बोलले गेले. निदान एक तरी पद्मिनी जतन करून ठेवावी, अशी मागणीही झाली. ज्या गाडीने तीन पिढ्यांना वाहून नेले तिच्याविषयी माणसांना माया वाटावी, हे स्वाभाविकच आहे.

त्याच काळ्या-पिवळ्या रंगाची दुसरी एक गाडी महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला, चंद्रपूर आणि गडचिरोली या वनजिल्ह्यांत अजूनही धावते. तिच्याविषयी मात्र कोणी हळवे होत नाही. पश्चिम महाराष्ट्रात जिला 'वडाप' म्हणतात तिला इकडे 'काळीपिवळी' असे नाव आहे. नागभीडच्या चौकात एका बाजूला ब्रह्मपुरी-आरमोरीकडे जाणारा रस्ता, दुसऱ्या बाजूला भिवापूर-उमरेडवरून नागपूरला जाणारा आणि तिसऱ्या बाजूला सिंदेवाही-मूलमार्गे चंद्रपूरला जाणारा. या तिन्ही वाटांवर नव्वदच्या दशकातील बांधणीच्या कमांडर, मार्शल आणि ट्रॅक्स अलीकडच्या नव्या वाहनांच्या शेजारी उभ्या दिसतात. कोणाच्या दारावर वेल्डिंगचे ठिगळ असते, कोणाच्या टपावर धानाची पोती असतात. त्यांचे छायाचित्र कोणी काढीत नाही. परंतु तळोधीचा विद्यार्थी वेळेवर महाविद्यालयात पोहोचतो आणि मौशीचा रुग्ण ब्रह्मपुरीच्या दवाखान्यात दाखल होतो, तो पुष्कळदा अशाच गाडीतून.

जुन्या गाडीचे आकर्षण, या एकाच शब्दप्रयोगात अशा दोन निरनिराळ्या गोष्टी दडलेल्या आहेत. शहरातील आकर्षण स्मृतीचे आहे, तर झाडीपट्टीतील आकर्षण हिशेबाचे आहे. जुनी वाहने मोडीत काढण्याचे धोरण ठरविताना पहिल्या आकर्षणाला हसून बाजूला सारता येते. दुसऱ्याची दखल न घेता केलेले धोरण मात्र ज्यांना पर्याय सर्वांत कमी, त्यांच्यावरच सर्वाधिक भार टाकते.

टंचाईने दिलेले दान

या गाड्या इतकी वर्षे का टिकल्या, याचे उत्तर देताना भाबडेपणा टाळला पाहिजे. 'जुने ते सोने' ही म्हण मोटारींना सरसकट लागू पडत नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाटच्या मूळ रचनेची मोटार पुढे पद्मिनी या नावाने बाहेर पडू लागली आणि किरकोळ फेरफार सोडता पाव शतक ती तशीच राहिली. मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अॅम्बॅसेडर पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होऊ लागली आणि २०१४ पर्यंत तिचा चेहरामोहरा फारसा पालटला नाही. ग्राहक पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहत असे. परवाना पद्धतीने कारखानदाराला स्पर्धेपासून संरक्षण दिले होते आणि ज्याचा माल तयार होण्यापूर्वीच विकला जातो, त्याला तो सुधारण्याची निकड भासत नाही. १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली तेव्हा ही निकड प्रथम जाणवली आणि १९९३ मध्ये मोटार उद्योग परवानामुक्त झाल्यावर ती अटळ ठरली.

तो काळ परत यावा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या साचलेपणातून एक अनपेक्षित लाभ झाला, त्याचीही नोंद घेतली पाहिजे. रचना पंचवीस-तीस वर्षे बदलली नाही, म्हणून तिचे सुटे भाग सर्वत्र मिळू लागले. एका वर्षीच्या गाडीचा भाग दहा वर्षांनंतरच्या गाडीला बसू लागला. वडिलांनी शिकलेले काम मुलाच्या उपयोगी पडले. शाळेची पायरी फारशी न चढलेला मिस्त्री नुसत्या आवाजावरून नोझल बिघडले की व्हॉल्व्ह, हे सांगू लागला. अर्थशास्त्रात भांडवल म्हणताना यंत्र आणि पैसा डोळ्यांसमोर येतो. परंतु तालुक्यातालुक्यांत विखुरलेले हे ज्ञानही भांडवलच होते. ते कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात दिसले नाही, एवढेच.

जीपच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे. मूळ विलीज जीप दुसऱ्या महायुद्धातील. रणांगणावर साध्या हत्यारांनी दुरुस्त करता यावी, या गरजेतूनच तिची बांधणी झालेली. १९४५ मध्ये लुधियानात सुरू झालेल्या आणि पुढे 'महिंद्रा अँड महिंद्रा' या नावाने मुंबईत वाढलेल्या कंपनीने स्वातंत्र्याच्या सुमारास ती भारतात आणली. सरकारी खात्यांच्या दिमतीला असलेली ही जीप वनखात्यातून, महसूल खात्यातून आणि विकास गटांतून जंगलपट्टीत पोहोचली. तिच्या पुढच्या पिढीतील अनेक गाड्यांत प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या रचनेचे २११२ घनसेंटिमीटरचे डिझेल इंजिन बसविले गेले. पश्चिम आफ्रिकेत खेडोपाडीच्या प्रवासी टॅक्सी म्हणून अनेक दशके धावलेल्या प्यूजो गाड्यांचे नाव तिकडेही याच गुणासाठी घेतले जाते. जेथे रस्ता वाईट आणि कंपनीचे दुकान दूर, तेथे माणसे गाडीचा वेग विचारीत नाहीत. बिघडली तर येथेच दुरुस्त होईल काय, एवढेच ते विचारतात.

तेव्हा भरवशाचा हा गुण केवळ लोखंडात नसतो. गाडी, मिस्त्री, सुट्या भागांचा दुकानदार आणि वेळप्रसंगी उधारीवर काम करून देणारा गॅरेजवाला अशी एक साखळी असते. भरवसा या साखळीचा असतो. क्यूबातील हवाना शहरात १९५० च्या दशकातील अमेरिकी मोटारी आजही धावतात, त्याही अमेरिकी कारखान्याच्या पुण्याईने नव्हेत. व्यापारबंदीमुळे सुटे भाग मिळेनासे झाल्यावर मिळेल त्या भागाशी जुळवून घेणाऱ्या तेथील कारागिरांनी त्या चालत्या ठेवल्या.

हप्ता आणि हंगाम

शहरी वाचकाच्या मनात साहजिकच असा प्रश्न येईल की, आता कर्ज सहज मिळत असताना जुन्या गाडीला कवटाळून बसण्याचे कारण काय? २२ सप्टेंबर २०२५ पासून लहान मोटारींवरील वस्तू व सेवा कराचा दर अठरा टक्क्यांवर आला आहे. मग नवी गाडी का घेऊ नये?

याचे उत्तर नागभीडच्या शेतात आहे. हा सारा टापू धानाचा. रोवणी पावसात, कापणी दिवाळीच्या आगेमागे आणि हातात पैसा येतो तो चुरणे व विक्री आटोपल्यावर. उन्हाळ्याच्या तोंडाशी मोहफुले, त्यानंतर तेंदूपत्ता आणि मग पुन्हा पावसाळ्याची ओढ. गाडीवाल्याचे उत्पन्नही या चक्राशीच बांधलेले असते. दिवाळीनंतरच्या मंडया, लग्नसराई, वडसा हे ज्याचे केंद्र त्या झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम, हे त्याचे सुगीचे दिवस. आषाढ-श्रावणात प्रवासी कमी आणि चिखल अधिक.

समजा, एखाद्याने आठ लाख रुपयांचे कर्ज दहा टक्के व्याजाने सात वर्षांसाठी काढले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १३,३०० रुपये होतो आणि सात वर्षांत व्याजापोटीच तीन लाखांहून अधिक रक्कम जाते. शिवाय विम्याचा खर्च वेगळा. हा हप्ता पोळ्याला थांबत नाही आणि पीक बुडाले म्हणून माफ होत नाही. उलट, जुन्या गाडीचा खर्च अनियमित असला तरी पुष्कळसा पुढे ढकलता येतो. पाटे आज बदलावयाचे, क्लच प्लेट मंडईनंतर आणि इंजिनाचे काम उन्हाळ्यात, असे ठरविता येते. हंगामी उत्पन्नाला हंगामी खर्चच झेपतो. नव्या गाडीचा खर्च पगारदाराच्या महिन्याशी जुळतो. ज्याला पहिल्या तारखेला पगार मिळत नाही, त्याच्या पंचांगाशी तो जुळत नाही.

दुसरी बाब घसाऱ्याची. नव्या गाडीचे मूल्य सर्वाधिक घसरते ते पहिल्या काही वर्षांत. वीस वर्षांच्या गाडीचे मूल्य जेवढे घसरावयाचे तेवढे घसरून गेलेले असते. गृहस्थाने ती साठ-सत्तर हजारांना घेतली आणि नीट राखली, तर अडीअडचणीच्या प्रसंगी तिचे बहुतेक पैसे परत येतात. अशी गाडी म्हणजे दारापुढे उभी असलेली ठेवच होय.

ओळखीचा बाजार

जॉर्ज अॅकरलॉफ या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. २००१ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला, त्यामागे हेच संशोधन होते. त्यांचा मुद्दा साधा होता. गाडीतील खोट विकणाऱ्याला माहीत असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा प्रत्येक गाडीकडे संशयाने पाहतो आणि सर्वच गाड्यांना कमी भाव देतो. मग चांगल्या गाडीचा मालक ती बाजारात आणीतच नाही आणि बाजारात खोटी नाणीच उरतात.

मोठ्या शहरात हे अगदी खरे ठरते. तालुक्याच्या गावी त्याची धार बोथट होते. कोणती मार्शल कोणाची, तिने कोणत्या वर्षी झाडाला धडक दिली, तिचे इंजिन केव्हा खोलले गेले आणि मालक वेळेवर ऑइल बदलतो की नाही, हे चौकातील पाच-दहा माणसांना तोंडपाठ असते. ज्या मिस्त्रीने गाडी सांभाळली त्यालाच घेणारा विचारतो. मिस्त्रीलाही त्याच गावात राहावयाचे असल्याने सहसा तो खोटे बोलत नाही. छापील हमीपत्राचे काम येथे ओळख करते. मात्र ही गाडी रस्त्यावरून गेली की तिच्याबरोबर ही ओळखही जाते. नव्या गाडीतील बिघाड संगणक जोडून पाहावा लागतो. तो संगणक चंद्रपूर-नागपूरकडे असतो आणि चंद्रपूर तर नागभीडहून सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. गाडी तेथवर ओढून नेणे, दोन दिवसांची कमाई बुडणे आणि पूर्ण भागच बदलण्याचा आग्रह, हा सारा खर्च जाहिरातीतील किमतीत धरलेला नसतो.

या व्यवस्थेची किंमत अलीकडच्या काही वर्षांत चांगलीच कळून आली. नागपूर-नागभीड हा ब्रिटिश काळापासूनचा अरुंद रेल्वेमार्ग रुंदीकरणासाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये बंद झाला आणि स्वस्त प्रवासाचे एक साधन गेले. पाठोपाठ २०२० मध्ये महासाथ आली. ती ओसरते न ओसरते तोच ऑक्टोबर २०२१ अखेरीस एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. त्या संपाच्या काळात शासनाला खाजगी वाहनांना प्रवासी वाहतुकीची मुभा द्यावी लागली. सरकारची गाडी थांबली तेव्हा सरकारला ज्यांची आठवण झाली, त्यांत जंगलपट्टीतील या जुन्या गाड्याही होत्या.

दुसरी बाजू

एवढे म्हटल्यावर या गाड्यांचे दोष झाकणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. जुने डिझेल इंजिन धूर ओकते. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज ६ मानकांच्या गाडीशी त्याची तुलनाच होऊ शकत नाही. औष्णिक वीज केंद्र आणि कोळशाच्या खाणी यांमुळे चंद्रपूरची हवा आधीच दूषित आहे. तीत आणखी भर घालण्याचा अधिकार कोणाला नाही. या गाड्यांत हवेच्या पिशव्या नाहीत, मागच्या बाकांवर पट्टे नाहीत आणि परवान्यातील आकड्यापेक्षा अधिक माणसे कोंबली जातात. अपघात होतो तेव्हा स्वस्त प्रवासाचे मोल कुटुंबाला कायमचे मोजावे लागते. गरिबाला स्वस्त वाहन हवे, हे खरे. परंतु गरिबाचा जीव स्वस्त आहे, असा त्याचा अर्थ होऊ नये.

नवी गाडी मात्र केवळ नवी म्हणून निर्मळ ठरत नाही. तिच्यासाठी लागणारे पोलाद आकाशातून पडत नाही. गडचिरोलीतील एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरातून लोहखनिज निघते आणि चंद्रपूरच्या भूगर्भातून कोळसा. देशातील नव्या गाड्यांच्या हिशेबात या टापूचे जंगल आणि रस्ते आधीच खर्ची पडत आहेत. जी गाडी रोज दोनशे किलोमीटर धावते, तिच्या बाबतीत इंधनाचा धूर हाच मोठा दोष असतो आणि ती लवकर बदलणे हिताचे ठरते. जी शिक्षकाच्या अंगणात उभी असते आणि आठवड्यातून दोनदा बाहेर पडते, ती मोडून नवी घडविण्यात समाजाचा तोटाही होऊ शकतो. दोघींना एकच जन्मतारीख लावून एकाच तराजूत तोलणे शास्त्रीय नव्हे.

वय की अवस्था?

मोडीत काढण्याचे राष्ट्रीय धोरण १३ ऑगस्ट २०२१ रोजी जाहीर झाले. त्यात खाजगी वाहनासाठी वीस आणि व्यावसायिक वाहनासाठी पंधरा वर्षांनंतर योग्यता चाचणीची कल्पना मांडलेली आहे. चाचणीत जे नापास होईल तेच मोडीत जावे, हे त्यामागील तत्त्व योग्यच आहे. प्रत्यक्षात मात्र वयालाच दंड होऊ लागला. मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले. वीस वर्षांपुढील हलक्या मोटारींसाठी ते ऑगस्ट २०२५ मध्ये १०,००० रुपयांवर नेण्यात आले. साठ हजारांच्या गाडीला दहा हजारांचे शुल्क, मग ती धूर ओकणारी असो की उत्तम राखलेली! जुनी गाडी मोडीत काढणाऱ्याला नव्या गाडीच्या करात खाजगी वाहनासाठी पंचवीस आणि व्यावसायिक वाहनासाठी पंधरा टक्क्यांपर्यंत सवलत ठेवली आहे. परंतु ज्याची ऐपत नवी गाडी घेण्याची आहे, त्यालाच तिचा खरा उपयोग. राजधानी दिल्लीत दहा वर्षांपुढील डिझेल आणि पंधरा वर्षांपुढील पेट्रोल गाड्यांना पंपावर इंधन नाकारण्याची मोहीम १ जुलै २०२५ रोजी सुरू झाली आणि काही दिवसांतच थांबवावी लागली. नुसत्या वयावर नियम उभारला की तो राबविताना कशी ओढाताण होते, हे त्यावरून दिसून आले.

यावर उपाय फार अवघड नाहीत. पहिला, तपासणी कडक व्हावी, परंतु ती जवळ यावी. धूर, ब्रेक, स्टीअरिंग आणि सांगाडा तपासणारी फिरती यंत्रणा तालुक्याच्या ठिकाणी ठरलेल्या दिवशी पोहोचली पाहिजे. पासिंगसाठी शंभर किलोमीटर जावे लागते, तेव्हा प्रामाणिक माणसाची एक दिवसाची कमाई बुडते आणि अप्रामाणिक माणूस मध्यस्थ शोधतो. दुसरा, शुल्क वयावर न आकारता चाचणीच्या निकालावर आकारावे. जो गाडी नीट राखतो त्याला कमी, जो हयगय करतो त्याला जास्त. तिसरा, ग्राहक व्यवहार खात्याने २०२२ मध्ये 'दुरुस्तीचा हक्क' या कल्पनेचा पुरस्कार केला आणि त्यात वाहनांचाही समावेश केला. त्या कल्पनेला कायद्याचे बळ मिळावे. नव्या गाडीतील बिघाड ओळखण्याची साधने आणि माहिती कंपनीच्या दुकानापुरतीच न राहता नागभीडच्या मिस्त्रीलाही वाजवी किमतीत मिळाली पाहिजेत. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी आज गॅरेजमध्ये राबणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या कारागिरांसाठी रात्रीचे वर्ग काढले, तर जुने भांडवल नव्या कामी येईल.

चौथा उपाय सर्वांत महत्त्वाचा. नवेगाव पांडवला किंवा मौशीला सकाळ-संध्याकाळ वेळेवर येणारी एसटी आणि रुंद झालेल्या मार्गावरून परवडणाऱ्या भाड्यात धावणारी आगगाडी असेल, तर बाराजणांनी एका जीपमध्ये दाटीवाटीने बसण्याची गरजच उरणार नाही. मग जुन्या गाड्या कोणी सक्ती न करताही आपोआप कमी होतील. पर्याय आधी आणि निर्बंध नंतर, हा क्रम पाळला तर लोक नियमाला साथ देतात. क्रम उलटा झाला की नियम कागदावर राहतो आणि माणसे रस्त्यावर तिष्ठत राहतात.

मुंबईची पद्मिनी गेली तेव्हा शहराजवळ लोकलगाडी होती, बेस्टची बस होती, मेट्रो होती. म्हणून त्या शहराला तिच्या आठवणीत रमणे परवडले. झाडीपट्टीतील माणसाने जुन्या काळीपिवळीवर टाकलेला विश्वास अशा आठवणीतून आलेला नाही. पहाटे सेल्फ मारल्यावर ती चालू होते आणि आजारी माणूस दिवस उगवण्यापूर्वी ब्रह्मपुरीला पोहोचतो, या रोजच्या अनुभवातून तो आला आहे. त्या विश्वासाला पुरून उरेल अशी व्यवस्था शासनाने उभी करावी आणि मग खुशाल तिला निवृत्त करावे. तोवर शासनाने तिचे वय विचारण्याआधी तिचा दम पाहावा, एवढी अपेक्षा गैरवाजवी म्हणता येणार नाही.